पहिलीच्या पोराला स्पेलिंग नको, आधी इंग्रजी ऐकू द्या

जून उजाडला की पालकांचा ठरलेला प्रश्न असतो, "बाई, सेमी पहिलीपासूनच आहे ना? पोरगं इंग्रजीत मागं पडायला नको." सेमी म्हणजे मराठी शाळेतच गणितासारखे विषय इंग्रजीतून शिकणं. या काळजीला जे नाकं मुरडतात त्यांचा मला मनापासून राग येतो. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या आईला इंग्रजीवाचून आपलं कुठं कुठं अडलं हे चांगलं ठाऊक असतं. तिच्या मुलाला इंग्रजी यायलाच हवं.

पण पहिली-दुसरीत आपण मुलांकडून जे करून घेतो, दहा-दहा वेळा स्पेलिंग लिहिणं, कविता घोकणं, त्यानं इंग्रजी येत नाही.

2000 सालापासून आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी एबीसीडी पाचवीत यायची. हा निर्णय योग्यच होता, कारण लहान वयात कान लवकर तयार होतो. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक उघडून बघा, चित्रं आणि बडबडगीतंच जास्त दिसतील. वर्गात मात्र पाचवीतली घोकंपट्टीच चार इयत्ता खाली उतरली.

एक गोष्ट घरी करून बघा. सी-ए-टी कॅट घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर पाटीवर तो शब्द लिहा, पहिलं अक्षर पुसा आणि तिथं 'एम' लिहा. बरीच मुलं गप्प होतात. त्यांनी स्पेलिंग पाढ्यासारखं पाठ केलेलं असतं, वाचलेलं नसतं. आपल्या 'क'चं नावही क आणि आवाजही क. इंग्रजीत अक्षराचं नाव सी, पण कॅटमध्ये त्याचा आवाज क आणि सिटीमध्ये स. मराठी वाचणाऱ्या मुलाला हे कुणीतरी उलगडून दाखवावं लागतं. आवाज जोडायला शिकवलं की तेच मूल मॅट, रॅट, हॅट आपलं आपण वाचतं, आणि तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

दुसरं म्हणजे गप्प मुलाला गप्प राहू द्या. "ब्रिंग द डस्टर" म्हटल्यावर जे मूल उठून डस्टर आणतं त्याला इंग्रजी कळतंय. बोलणं मागाहून येतं, कुणाला महिने लागतात. ते पहिल्यांदा "टीचर, ही टेकिंग माय पेन्सिल" म्हणालं तर व्याकरण काढून बसू नका. "ओह, ही टुक युअर पेन्सिल?" एवढंच म्हणा. बरोबर वाक्य त्याच्या कानावर पडलं आणि तक्रारही ऐकली गेली. वर्गासमोर चूक दाखवलेलं मूल पुढं वर्षभर तोंड उघडत नाही.

आणि इंग्रजीच्या तासाला मराठीवर बंदी घालू नका. गोष्ट आधी मराठीत रंगवून सांगा, मग इंग्रजीत ऐकवा. गावोगावी मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' पाहणीच्या 2022 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम पाव मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली. त्याच अहवालात आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी पाचवीची मुलंही निम्म्याहून कमी निघाली. ज्याला स्वतःच्या भाषेत वाचता येत नाही त्याच्यावर दुसरी लिपी लादून काय साधणार?

म्हणूनच पहिलीपासून सेमीला माझा विरोध आहे. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हे फार पूर्वी मांडलंय. रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेत विषय शिकण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षं लागतात. सेमीतल्या मुलाला वजाबाकी येते, पण उदाहरणातलं वाक्य उमगत नाही. मग प्रगतिपुस्तकात ते गणितात कच्चं ठरतं. निदान पहिली-दुसरीचं गणित मराठीतच असू द्या.

आम्हा शिक्षकांचंही बोलायला हवं. आमच्यातल्या कित्येकांचं स्वतःचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. 2016 मध्ये राज्यात शिक्षकांचं इंग्रजी सुधारण्यासाठी 'तेजस' प्रकल्प आला. त्यातल्या 'टॅग' म्हणजे शिक्षक गटांच्या बैठकांमध्ये शिक्षक एकत्र जमत, आपसात इंग्रजी बोलत, एकमेकांना वर्गातले उपक्रम सांगत. असं नियमित चालायला हवं. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, मग इंग्रजी बोलायचा सराव कधी करायचा? आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत यासाठी एक तास राखून ठेवा, एवढंच मागणं आहे.

ज्या पालकांना इंग्रजी येत नाही त्यांनी त्यापायी लगेच ट्यूशन लावू नये. रात्री जेवणं झाली की पुस्तक उघडून चित्रावर बोट ठेवा आणि म्हणा, "हे काय आहे ते मला सांग." मूल मराठीत सांगेल, मध्येच दोन इंग्रजी शब्द टाकेल. हसू नका, ऐका. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत सेमीचा विषय निघाला, तर इंग्रजीतून गणित कोण शिकवणार आणि त्या शिक्षकाला प्रशिक्षण कधी मिळणार, हे आधी विचारा.