आधी बोटांवर मोजू द्या

मुलांनी स्वतः लिहिलेल्या कविता वर्गात वाचल्या की वर्ग एकमेकांच्या जवळ येतो, हे लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. मी कोल्हापुरात आठवीला मराठी शिकवते. नुसतं 'मनातलं लिहा' म्हटलं की पोरं गप्प बसतात. म्हणून मी मोठ्या अभंगाचा साचा देते: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. बोटांवर अक्षरं मोजता मोजता भीड चेपते. एका मुलाने लिहिलं:

रंकाळ्याच्या काठी, बाबा विकी भेळ,
अभ्यासाची वेळ, गाडीपाशी.

तो संध्याकाळी खेळायला का येत नाही, हे वर्गाला तेव्हा कळलं. मग एकीने 2019च्या महापुरात माळ्यावर काढलेल्या रात्रीचं लिहिलं, आणि पंचगंगेकाठची बाकीची पोरंही बोलायला लागली.

फक्त वाचून दाखवायची सक्ती नको, हे लेखात यायला हवं होतं. काही वह्या मी एकटीच वाचते, त्यांवर लाल पेन चालवत नाही. शुद्धलेखनाला वेगळा तास आहे की! आणि दहावीच्या रसग्रहणाची काळजी करणाऱ्या पालकांना सांगते, स्वतः यमक जुळवलेल्या पोरांना दुसऱ्याच्या कवितेतली कारागिरी लवकर दिसते.