श्रद्धा आणि प्रयोगवही
विद्यापीठातील शिक्षण वाढले की श्रद्धा आपोआप गळून पडते, हे एका लेखात वाचलेले विधान मला घाईचे वाटते. विश्व प्रसरण पावत असल्याची मांडणी १९२७ मध्ये करणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते, तरीही आपल्या सिद्धांताला धर्माचा पुरावा म्हणून वापरणे त्यांना मान्य नव्हते. भौतिकशास्त्र शिकताना मला विज्ञान आणि श्रद्धा यांच्यात राखलेले हे अंतर फार मोलाचे वाटते. प्रयोगवहीतला आलेख तिसऱ्यांदा खोडताना मी प्रार्थना करते, ती उत्तर जुळावे म्हणून नव्हे, तर मोजमापे जुळवून घेण्याचा मोह आवरावा म्हणून. माझा नास्तिक मित्र तेव्हा शेजारी बसून आकडे वाचून दाखवतो (आमचा वाद अर्थातच मिटलेला नाही). पुढे संशोधन करायचे की नोकरी धरायची, हे मात्र अजून ठरत नाही.