तपासणी एक नव्हे, दोन

नाशिकच्या सुरगाणा-पेठमधल्या आंबा-बांबू लागवडीच्या कार्बन क्रेडिटवरचा (झाडांनी साठवलेल्या कार्बनबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांवरचा) लेख चांगला आहे, पण ‘प्रकल्प तपासला, क्रेडिट पक्की’ हे वाक्य खटकलं. सुरुवातीच्या तपासणीत, म्हणजे व्हॅलिडेशनमध्ये, फक्त आराखडा, पद्धत आणि अतिरिक्तता (क्रेडिटच्या पैशाशिवाय ही लागवड झालीच नसती का) तपासतात. प्रत्यक्ष किती कार्बन साठला, हे नंतरच्या व्हेरिफिकेशनमध्ये ठरतं आणि क्रेडिट त्यावरच मिळतात.

गडबड बहुतेक मोजणीत होते. खोडाचा व्यास जमिनीपासून १.३ मीटरवर घ्यायचा असतो. १० सेंमीच्या जागी ११ लिहिले की जैवभार (झाडाचं कोरडं वजन) साधारण पाव पटीने फुगतो, कारण सूत्रात व्यासाचा घात अडीचच्या आसपास असतो. पुढे जैवभारातला कार्बन काढायला ०.४७ ने आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड काढायला ४४/१२ ने गुणताना ती चूक तशीच वाहत जाते. क्रेडिट देणाऱ्या व्हेरा या संस्थेच्या नियमात एकूण चुकीची मर्यादा ५ टक्के, मोठ्या प्रकल्पांना १ टक्का! म्हणून तपासनीसाने नमुना प्लॉट स्वतः निवडून टेपने पुन्हा मोजायला हवेत. कंपनीने दाखवलेल्या हिरव्या बांधांवरून फिरून येणं म्हणजे सहलच.

सातबारा सामाईक असेल तर सगळ्या खातेदारांची संमती बघा. रोहयोतून लावलेली झाडं दाखवली असतील, तर अतिरिक्तता तिथेच अडते. आणि तपासनीसाची फी प्रकल्पवालाच देतो, हे लेखात यायला हवं होतं.