कार्टूनच्या वादात जर्मनीला ओढू नका

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटला आहे. साताऱ्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मामेबहिणीने इंटरनेटवरील एका मोफत साधनावर चौथीच्या मुलांकडून पाणीटंचाईवर कार्टूनपट्टी करून घेतली आणि ती कौतुकाने ग्रुपवर टाकली. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या मामांनी ‘हा अभ्यास की टाइमपास?’ असा शेरा मारला; त्यावर पुण्यातल्या धाकट्या भावाने ‘ताई, जर्मनीत पहिलीपासून हेच चालत असेल ना, सांग यांना’ म्हणून मलाच साक्षीला उभे केले.

चालत नाही. श्टुटगार्टमध्ये चौथीत शिकणारा माझा मुलगा शाईच्या पेनाने लिहितो, आणि त्याच्या वर्गातली चित्रकथा म्हणजे जर्मन व्यंगचित्रकार एरिश ओझर यांच्या ‘फाटर उंड झोन’ (बाप आणि मुलगा) या चित्रमालिकेच्या उलटसुलट छापलेल्या चौकटी कात्रीने कापायच्या, क्रमाने चिकटवायच्या आणि खाली गोष्ट लिहायची. 1934 ते 1937 या काळातील ती शब्दांविना चित्रे इथल्या शिक्षकांना अजून पुरतात. मुलांची नावे घालून एखाद्या संकेतस्थळावर खाते उघडायचे म्हटले, तर एल्टर्नआबेंडला, म्हणजे संध्याकाळच्या पालकसभेला, तासभर खल होतो, कारण 16 वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती लागते. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर ही मर्यादा 18 वर्षांवर नेली आहे. तिचा उल्लेख आमच्या ग्रुपवर कोणीही केला नाही, याची मला थोडी फुशारकीयुक्त चीड येते.

मामांचेही मला पटत नाही. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी हसरी चित्रे काढली, तेव्हा गणित पातळ झाले नाही, उलट त्याची भीती कमी झाली. त्यामुळे वर्गात कार्टून असावे की नसावे, हा प्रश्नच नाही. माझा आक्षेप ‘मोफत’वर आहे. चेन्नईत तयार झालेले टूनडू हे कार्टूनपट्टीचे साधन एके काळी जगभरचे शिक्षक वापरत. ते बंद पडले. ब्राउझरमध्ये हलती चित्रे दाखवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या अशा कितीतरी साधनांचे दार 2020 च्या अखेरीस ॲडोबीने फ्लॅशच थांबवल्यावर मिटले. राहिलेल्यांपैकी बरीच साधने थोडी पात्रे फुकट देऊन उरलेल्यांसाठी पैसे मागतात.

बहिणीची पट्टी मी मोठी करून पाहिली. टँकरपुढे रांग दाखवायची होती, पण टँकर मिळाला नाही म्हणून अग्निशमन दलाचा लाल बंब आला. घागरीऐवजी समुद्रकिनाऱ्यावर वाळूत खेळायची बादली आली, आणि ती धरणारी मुलगी सोनेरी केसांची. संवादाच्या फुग्यातल्या ‘फक्त’ या शब्दातला ‘क’ पाय मोडून एकटाच उभा होता. संवाद मात्र अस्सल होता: ‘आमच्या आळीला टँकर कधी येणार, अण्णा?’ हे वाक्य त्या मुलांनीच लिहिले आहे, आणि मामांनी नेमके तेच वाचले नाही. माझे मत एवढेच की चित्र मुलांनी कागदावर काढावे, त्याचा फोटो चौकटीत बसवावा, साधनाने फक्त फुगा द्यावा आणि खाते बाईंच्या नावावर असावे.

हे सगळे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण भारतातल्या एकाही वर्गात माझे मूल बसत नाही. आमच्या इथल्या रविवारच्या मराठी वर्गात तेच मोफत साधन मीही वापरते. माझा मुलगा निबंध म्हटले की तोंड फिरवतो, पण फुग्यात बसतील एवढ्या दोन ओळी मराठीत लिहितो. साताऱ्याच्या मुलांना खटकावी अशी माझी अपेक्षा असलेली सोनेरी केसांची मुलगी त्याला खटकत नाही. तशा मुली त्याच्या वर्गात आहेत. आजीसाठी त्याने पँट घातलेली, आखूड केसांची बाई निवडली. मी नऊवारीतली आजी शोधत बसले, तेव्हा त्याने विचारले की आजी तर व्हिडिओ कॉलवर गाऊनमध्येच असते, मग तू कोणाची आजी शोधते आहेस?