काही मोठे, काही छोटे

रजेवर असताना कार्यालयाचे ई-मेल उघडू नयेत एवढी अक्कल मला तीस वर्षांच्या नोकरीत आलेली आहे. तरीही ३० मे २०२५ रोजी, शुक्रवारी संध्याकाळी, पंख्याखाली पसरलेल्या कुरडयांवर लक्ष ठेवण्याच्या कामगिरीवर मला बसवलेले असल्यामुळे, आणि कुरडयांकडे फार वेळ पाहत बसण्यासारखे काही नसल्यामुळे, मी फोन उघडला. एचआर विभागात नव्याने रुजू झालेल्या मुलीने कळवले होते की, सोमवारी, २ जूनला, सकाळी अकरा वाजता सर्वांनी कॉन्फरन्स रूममध्ये जमायचे आहे आणि प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या आहेत: उन्हाळ्याच्या अखेरीस कुठे गेलात, घरच्यांबरोबरचा लक्षात राहिलेला एक क्षण, आणि या दिवसांत पाहिलेले असे काहीतरी, जे इतरांनीही पाहावे. प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतील असे आश्वासन होते. खाली एक हसरा चेहरा आणि आंब्याचे चित्र होते.

मी ठाण्याला राहतो आणि महाप्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. बोल्ट, गॅस्केट आणि ग्रीस यांचे दर घासण्यात माझी हयात गेली. मला कोणतीही वस्तू आणायला सांगा, मी भाव पाडून आणीन. पण स्वतःचा आनंद चौदा जणांसमोर मांडून त्याला बरा भाव मिळवायची वेळ आली की माझे हातपाय गळतात. त्यातून मांडण्यासारखा माल या खेपेस गोदामात अजिबात नव्हता.

मुळात त्या वर्षी उन्हाळ्याला अखेर अशी लाभलीच नाही. मोसमी पाऊस मुंबईत सर्वसाधारणपणे ११ जूनला पोचतो असे हवामान खाते धरून चालते. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला, आणि मी दीड महिना आधी अर्ज देऊन, साहेबांच्या मिनतवाऱ्या करून मंजूर करून घेतलेली सहा दिवसांची रजा नेमकी २६ मेपासूनच सुरू होत होती. आईला काशीदचा समुद्र दाखवायचा बेत होता. समुद्र आपणहून वरून आला.

कुरडयांचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. दोन किलो गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून आणि तो शिजवून आईने २३ मेच्या शुक्रवारी गच्चीवर कुरडया घातल्या. त्या आठवड्यात अधूनमधून सरी येतच होत्या, म्हणून मी तिला म्हटले, "आई, यंदा राहू दे." ती म्हणाली, "हा वळीव आहे. मृगाला अजून पंधरा दिवस आहेत." मी फोनवर हवामान खात्याचा अंदाज काढून दाखवला, तेव्हा तिने तो चष्मा लावून नीट वाचला आणि विचारले, "त्यांच्याकडे कुरडया घालतात का?" या प्रश्नाचे उत्तर हवामान खात्याच्या संकेतस्थळावर नव्हते.

सोमवारी पहाटे साडेचार वाजता पावसाने उत्तर दिले. मी, सौ. आणि मुलगा असे तिघे अंधारात गच्चीवर धावलो. ताडपत्रीखालच्या प्लॅस्टिकच्या कागदाची तीन टोके आम्ही धरली आणि चौथे टोक आईने जिन्यातून केवळ सूचना देऊन धरले. खाली आणलेल्या अर्धवट ओल्या कुरडया घरातल्या दोन्ही पलंगांवर, आईच्या जुन्या नऊवारी लुगड्यांवर पसरल्या गेल्या, पंखे पाचवर फिरू लागले आणि पलंगांची कायदेशीर मालकी आमच्याकडून गेली. पुढच्या चार रात्री आम्ही चौघेही हॉलमध्ये ओळीने सतरंजीवर झोपलो. मध्यरात्री आई उठून वॉर्डातल्या सिस्टरसारखी फेरी मारायची, हाताच्या उलट्या बाजूने एकेक कुरडई चाचपायची आणि ज्यांची प्रकृती सुधारलेली असेल त्यांना कुशीवर वळवायची. मुलगा कच्च्याच कुरडया पळवत असल्याचा संशय आल्यावर तिने त्या मोजल्या. त्या २१४ भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी २०५. एक कुरडई माझ्या कोपराला चिकटून खाली दूध आणायला गेली होती, ती दूधवाल्याने काढून दिली, पण आईने ती जमेस धरली नाही.

एवढे सगळे माझ्या घरी झालेले होते. हे कॉन्फरन्स रूममध्ये सांगायचे म्हणजे काय सांगायचे? उन्हाळ्याच्या अखेरीस कुठे गेलात, तर हॉलमध्ये.

"अहो, फ्लेमिंगो सांगा की," सौ.ने रविवारी रात्री तोडगा काढला. "नेरूळच्या साखरपुड्याला जाताना दिसले नव्हते का? कोण तपासायला बसलंय!" ही गोष्ट मेच्या दुसऱ्या आठवड्यातली. पामबीच रस्त्यावरून टॅक्सी जात असताना तिने "ते बघा, गुलाबी!" असे म्हणून माझा दंड दाबला होता. मला ते पांढरे दिसले आणि बगळे वाटले. टॅक्सीवाल्याने आरशातून पाहून ते दोन्ही नसून पिशव्या असल्याचे मत दिले होते. तरीही बुडत्याला काडी पुरते. सोमवारी सकाळी ठाण्याच्या दहा नंबरच्या फलाटावरून निघालेल्या गाडीत मी दिघा गाव ते घणसोलीपर्यंत मनातल्या मनात फ्लेमिंगो पाहत उभा होतो आणि कोपरखैरण्याला उतरेपर्यंत माझ्यापुरते ते पुरेसे गुलाबी झाले होते.

सभा सुरू झाली. सुरुवात कोकणाने केली. आमचे स्टोअरवाले काका दरवर्षी मे महिन्यात राजापूरकडच्या गावी जातात आणि रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठ वाजता उघडते तेव्हा आपण कोणत्या बोटाने कोणते बटण दाबले, हे पानिपतच्या बखरीसारखे सांगतात. तीन मिनिटे संपली तेव्हा ते अजून पनवेललाच होते. मग त्यांनी डबा उघडला. त्यात फणसाचे गरे होते. बंद खोली, बंद खिडक्या, तेवीस अंशांवर लावलेला एसी आणि फणस ही काय चीज आहे, हे फक्त त्या खोलीत असलेल्यालाच कळेल. गरे कापा फणसाचे की बरक्याचे यावर कोकण विरुद्ध कोकण असा वाद दहा मिनिटे चालला, आणि मग उरलेल्या बारा जणांच्या सर्व सुट्ट्या त्या वासातच साजऱ्या झाल्या. पुढे माथेरानची झुकझुक गाडी आली तीही मला फणस घेऊन चालल्यासारखी वाटली.

डिझाइन विभागातला एक जण ताडोबाला जाऊन आला होता. त्याचा फोन खोलीभर फिरला. चित्रात बांबू होते. "इथे, या दोन बांबूंच्या मधे, शेपटी," असे म्हणून त्याने दोन बोटांनी चित्र मोठे केले, तेव्हा बांबू मोठे झाले. ज्याच्या हातात फोन जाई तो "अरे वा!" म्हणे, कारण आधीचा "अरे वा" म्हणालेला असे. माझ्या हातात आला तेव्हा मीही म्हणालो. खरे तर मला त्या बांबूंच्या मधे एक जीपचा आरसा दिसत होता. वाशीतच राहणारा एक तरुण वाशीतल्याच एका हॉटेलात दोन रात्री राहून आला होता, आणि तिथून त्याला स्वतःची इमारत दिसत होती, हे त्याने इतक्या भावुकपणे सांगितले की माझा त्या पिढीबद्दलचा आदर वाढला. साहेब व्हिएतनामला गेले होते. साहेबांच्या फोटोंना तीन मिनिटांची अट लागू नव्हती.

कौटुंबिक क्षणांत बाजी मारली ती आमच्या बिलिंगमधल्या नव्या आईने. तिच्या अकरा महिन्यांच्या मुलीने सुट्टीत पहिला शब्द उच्चारला आणि तो "ओटीपी" असा होता. दाराशी कोणी आले की आई तोच शब्द मोठ्याने उच्चारत असते, तेव्हा यात मुलीचा काही दोष नाही. हा शब्द धरायचा की तीन सुटी अक्षरे धरायची, यावर मात्र खोलीत एकमत झाले नाही.

मला खरा जाच झाला तो तिसऱ्या प्रश्नाचा. दुसऱ्याने केलेला प्रवास ऐकून सोडून देता येतो. दुसऱ्याने पाहिलेली मालिका मात्र आपल्या अंगावर पडते. "तुम्ही ती पाहिली नाहीत?" या वाक्यातला स्वर, "तुम्ही अजून कर भरला नाहीत?" या वाक्यासारखा असतो. त्यातही कोणी सरळ चांगली मालिका सुचवत नाही. "पहिले पाच भाग कळ काढा, सहाव्यापासून पकड घेते," असे सांगतात. पाच भाग म्हणजे सुमारे चार तास झाले. चार तास कळ काढायचीच असेल तर मी घोडबंदर रस्त्याने जाईन. माझी स्वतःची ख्याती अशी आहे की, कोणताही चित्रपट लावला की विसाव्या मिनिटाला मला झोप लागते, त्यामुळे मी अनेक चित्रपटांच्या पहिल्या वीस मिनिटांचा जाणकार आहे आणि खुनी कोण हे मला आजवर एकदाही कळलेले नाही.

खरेदी विभागाची सवय म्हणून मी वहीत प्रत्येक शिफारशीसमोर तास लिहीत गेलो. कोरियन मालिका, सोळा भाग. एक खुनाचा तपास, तीन पर्व, चौथे येते आहे. एका पाककलेच्या स्पर्धेची तर सोळा पर्वे. ही पडताळणी चालू असताना गुणवत्ता विभागातल्या आमच्या क्रिकेटवेड्याची पाळी आली. आदल्या रात्री आयपीएलमध्ये मुंबईचा संघ पंजाबकडून हरला होता. अहमदाबादचा तो सामना पावसामुळे उशिरा सुरू होऊन मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला होता, आणि नाबाद ८७ धावा काढून हरवणारा श्रेयस अय्यर मुंबईचाच. "कौटुंबिक क्षण असा, की घरात कालपासून कोणी कोणाशी बोललेलं नाही," एवढे बोलून त्याने डोळे चोळले. "आणि शिफारस म्हणाल तर उद्याची फायनल कोणीही पाहू नये." वेळ परत देणारी ही त्या दिवसातली एकमेव शिफारस होती. मी एकूण १९६ तासांतून चार वजा केले आणि १९२ लिहिले. ठाणे ते कोपरखैरणे जाऊन-येऊन माझे चाळीस मिनिटे गाडीत जातात. रोज तेवढे पाहिले तर २८८ दिवस लागतील, आणि वर्षात कामाचे दिवस साधारण अडीचशे, म्हणजे पुढच्या जूनमध्ये हीच सभा भरेल तेव्हाही माझ्या अंगावर अडतीस दिवसांचे काम शिल्लक असेल.

"सर, तुमचं?" एचआरची मुलगी म्हणाली.

मी उठलो आणि म्हणालो, "आम्ही सहकुटुंब फ्लेमिंगो पाहायला गेलो होतो. पामबीचला." तेवढे बोलून मी बसणार होतो. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या लेखा विभागातल्या मॅडम बसल्या होत्या, त्या सीवूड्सला राहतात हे मला माहीत होते, आणि त्या गेली कित्येक वर्षे दुर्बीण घेऊन पहाटे खाडीकाठी हिंडतात, हे मला माहीत नव्हते. त्यांनी चष्मा सरसावला.

"कोणते पाहिलेत? मोठे की छोटे?"

मला वाटले त्या आकार विचारत आहेत. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "काही मोठे, काही छोटे."

मॅडमचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर! दोन्ही जाती एकत्र ओळखणारा माणूस मला या ऑफिसात पहिल्यांदा भेटतोय." मग त्यांनी उभे राहून सर्वांना सांगितले की, फ्लेमिंगो, म्हणजे मराठीत रोहित (हा शब्द कानी पडताच क्रिकेटवेड्याने डोके वर केले आणि पुन्हा खाली घातले), आपल्याकडे दोन जातींचे येतात, मोठ्याची चोच फिकट गुलाबी असून टोकाशी काळी असते आणि छोट्याची चोच सगळीच गडद असते, ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि हे पक्षी इथल्या चिखलातले शेवाळ गाळून खातात म्हणून गुलाबी होतात. "हो ना?" असे त्या दर वाक्याला माझ्याकडे पाहून विचारत होत्या आणि मी दर वेळी खाडीचा मालक असल्यासारखी मान हलवत होतो. अकरा मिनिटे हे चालले. चोच पाहिलीत ना, असे त्यांनी विचारले तेव्हा मी "लांबून" म्हणालो, आणि हे मात्र अक्षरशः खरे होते.

सायंकाळी परतीच्या गाडीत तुर्भ्याकडून आलेल्या गर्दीत दाराशी लटकत असताना फोन वाजला. मॅडमनी मला त्यांच्या पक्षिमित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात घेतले होते, आणि नोव्हेंबरात फ्लेमिंगो परतले की ऑफिसची सहल मी नेणार असल्याचे एचआरच्या मुलीने टिपणात लिहून सर्वांना पाठवलेही होते. घरी सौ.ला हे सांगितले, तर ती म्हणाली, "मग जा की! तेवढाच पहाटेचा व्यायाम." आई तिकडे वाळलेल्या कुरडया डब्यात भरताना मोजत होती. १९८ झाल्या.

फ्लेमिंगो निघून गेलेले असले तरी गटाला पावसाळ्याची सुट्टी नसते, हे मला दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी समजले. पाणथळ गवतात बसलेल्या कुठल्याशा तपकिरी पक्ष्याचे धूसर छायाचित्र कोणीतरी टाकले होते, खाली "ओळखा पाहू" असे लिहिले होते, आणि मॅडमनी माझे नाव जोडून लिहिले होते, "हे सांगतील." मी सतरंजीवर उठून बसलो, चित्र दोन बोटांनी मोठे केले, तेव्हा गवत मोठे झाले. बराच वेळ विचार करून मी लिहिले, "छोटा वाटतो."

पाच जणांनी अंगठे दिले.