चार प्रती आणि एक उत्तर

आज लेमी (रेडिटसारखी चर्चेची जागा, पण वेगवेगळ्या लोकांच्या जोडलेल्या सर्व्हरांवर चालणारी) उघडलं तर पहिल्याच स्क्रीनवर एकच बातमी चारदा. तोच मथळा, तोच फोटो, टाकणाराही तोच. बरं, कम्युनिट्यांची, म्हणजे विषयवार गटांची, नावं तरी वेगळी असावीत? 'टेक्नॉलॉजी' लेमी.वर्ल्ड या सर्व्हरवर आहे, लेमी.एमएलवर आहे, बीहॉ या तिसऱ्या सर्व्हरवरही आहे. विकेंद्रित म्हटल्यावर हे होणारच, मान्य. पण म्हणून फीडचं हे असं भजं करायचं?

लगेच कुणीतरी म्हणेल, सगळ्या एकत्र करून टाका. अजिबात नको! जून 2023 मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲपांना लावलेल्या एपीआय दरांना वैतागून लोक इकडे आले, आणि त्याच महिन्यात बीहॉने लेमी.वर्ल्डशी संबंध तोडले, म्हणजे पोस्टींची देवाणघेवाणच थांबवली, कारण लोंढा त्यांच्या मॉडरेटरांना झेपेना. एकच कम्युनिटी असती तर अर्ध्या लोकांच्या हाती काय उरलं असतं?

माझा राग प्रतींवर नाहीच. मागे माझ्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटायचं. तोच प्रश्न विचारलेली एक पोस्ट सापडली, खाली कॉमेंटांचा ढीग, निम्म्या "नवा घे" म्हणणाऱ्या. खरं उत्तर होतं 'पॉवर सेव्ह' बंद करायची एका ओळीची कमांड. ते त्याच पोस्टच्या दुसऱ्या प्रतीखाली, एका ओसाड कम्युनिटीत पडलेलं. मला ते निव्वळ नशिबाने दिसलं. लेमी 'क्रॉस-पोस्ट' म्हणून इतर प्रती दाखवतं, पण लिंक जुळली तर. वायफायवाली पोस्ट नुसता प्रश्न होती, लिंक नाही, मग काय जुळणार!

आणि हे आधी जमत नव्हतं असंही नाही. युझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर, एकाच लेखाच्या 'न्यूजग्रुप्स' ओळीत चार गटांची नावं लिहायची, सर्व्हरवर प्रत एकच. उत्तरं कुठे यावीत हे 'फॉलोअप-टू'मध्ये सांगायचं. 1987 च्या आरएफसी 1036 या युझनेटच्या नियमपत्रात या दोन्ही ओळी आहेत. सत्याऐंशी! (तिथेही लोक चार ठिकाणी वेगवेगळं टाकायचे आणि शिव्या खायचे, ते सोडा.)

आता पाईफेड हे लेमीशी जोडलेलं दुसरं सॉफ्टवेअर सगळ्या प्रतींच्या कॉमेंटा एका पानावर दाखवतं, कुठली कुठल्या कम्युनिटीतली ते कळेल अशा. हेच तर हवंय. पोस्ट एकदा दिसावी, चर्चा ज्याच्या त्याच्या अंगणात राहावी.

चार ठिकाणी टाकणारे म्हणतात, छोट्या कम्युनिट्या जगवायला पोस्टी लागतात. ठीक आहे, खरंय. मलाही त्या जगायला हव्यात. वायफायचं उत्तर देणारा अशाच एका कोपऱ्यात बसला होता, मुद्देसूद, न चिडता लिहिलेलं. आणि प्रश्न विचारणारा? तिकडे फिरकलाच नाही. साधं 'धन्यवाद' नाही. अरे, टाकता चार ठिकाणी तर चारही ठिकाणी जाऊन बघा की! नाही जमत तर आज एकीकडे टाका, दोन दिवसांनी दुसरीकडे, आणि आधीच्या चर्चेची लिंक द्या.

आपोआप पोस्टी टाकणाऱ्या बॉटांचं तर बोलूच नका. सेटिंगमध्ये बॉट खाती लपवायची सोय आहे, ती आधी वापरा.