उशिराला उशीर चिकटतो

शनिवारी संध्याकाळी पप्या कट्ट्यावर आला तोच पेटलेला. महिन्यातला तिसरा लेटमार्क, म्हणजे अर्धी रजा कापली. साडेनऊच्या आत मशीनवर बोट टेकवायचं, यानं टेकवलं ९.३२ ला. वर ते मशीन गोड आवाजात 'थँक यू' म्हणालं, त्याचा राग वेगळाच.

"दोन मिनिटं रे! कोथरूड ते हिंजवडी, अठरा किलोमीटर गाडी मारतो मी. आपल्याच चौकात सिग्नल लागला. आकडा किती? ९७. पाय टेकवून बघत बसलो, ९६, ९५... सुटला तर पुढचा कारवाला हलेना, मोबाइलमध्ये मुंडी. हॉर्न दिला तर काच खाली करून मलाच विचारतो, घाई आहे का?"

"दहा मिनिटं आधी निघायचं," मास्तर म्हणाला. मास्तर म्हणजे आमच्यातला इंजिनिअर, चहाच्या कपाचंही गणित मांडतो. "आणि गाडी दामटून काय मिळतं तुला? एक किलोमीटर चाळीसनं गेलास तर दीड मिनिट, साठनं गेलास तर एक. वाचले ३० सेकंद. ते पुढच्या लाल सिग्नलला उभं राहून खर्च."

"माझं सोड. रस्त्याचं बोल ना!"

मग मास्तरनं जपान काढलं. तिथल्या संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या फिरवल्या, २००८ साली तो प्रयोग छापून आला. सगळ्यांनी सारख्या वेगानं चालवायचं, एवढंच सांगितलेलं. सिग्नल नाही, खड्डा नाही, आडवी म्हैस नाही. तरी थोड्या वेळात जॅम! एकाचा वेग जरा कमी झाला, मागच्यानं जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्यानं आणखी जास्त. शेवटी कुणीतरी ठप्प.

"त्यांच्याकडं राँग साइडनं येणारा टेम्पो नव्हता," पप्या म्हणाला. यावर मास्तरकडं उत्तर नव्हतं, हे नोंदवून ठेवतो.

मी पप्याच्या बाजूनं पडलो. ऑक्टोबर २०२२ मध्ये चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी उडवला तेव्हा आख्खं शहर रात्र जागलं होतं. तो पूलही एका दणक्यात पडला नाही, उरलेला मशीन लावून पाडला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवा सुरू झाला. "चांदणी चौक मोकळा झाला म्हणे. मग पप्या आता कुठं अडकतो? भूमकर चौकात!" माझा मुद्दा एवढाच, की रस्ता रुंद करून गर्दीला फक्त पुढच्या चौकात पोचवतात. मास्तरनं मान हलवली, पण हो म्हणाला नाही.

इतका वेळ नाना गप्प होते. नानांनी आयुष्यभर शहरात बस चालवली.

"तुमचं सगळं खरं," ते म्हणाले, "पण उशिराला उशीर चिकटतो, हे तुम्हाला ठाऊक नाही. माझी गाडी पाच मिनिटं मागं पडली की पुढच्या स्टॉपवर पाच मिनिटांची माणसं जास्त. ती चढणार, कंडक्टर डबल मारेपर्यंत मी थांबणार. झाली सात मिनिटं. त्याच्या पुढच्या स्टॉपला दहा. आणि मागची गाडी? तिला माणसंच नाहीत, कारण सगळी मी उचललेली. ती मोकळी पळत येते आणि माझ्या मागं लागते. लोक शिव्या घालतात, अर्धा तास बस नाही आणि आल्या तर दोन एकदम!"

"म्हणजे मी आठला निघालो असतो तर चाळीस मिनिटांत, आणि सव्वाआठला निघालो म्हणून सव्वा तास?" पप्या.

"तुझ्या पंधरा मिनिटांत अख्खं कोथरूड खाली उतरतं रे."

पप्या जरा निवला. मग म्हणाला, "नाना, तुम्ही काय करायचात मग? वेळ भरून कशी काढायचात?"

नाना हसले. कपातला शेवटचा घोट संपवला.

"एखादा स्टॉप सोडायचो."

"कुठला?" मी विचारलं.

"कर्वे पुतळा. तिथं कॉलेजची पोरंच असायची, हात करत पळायची मागं."

कॉलेजची तीन वर्षं मी तिथंच उभा असायचो. आजचा चहा नानांच्या नावावर मांडायला सांगितलाय.